रात्री तो कुठे झोपणार?

पावसाळा तोंडावर आला, की आमच्या घरचा फोन वाजू लागतो. ‘‘मॅडम, आमच्या जिन्याखाली चार पिल्लं आहेत. भिजताहेत हो बिचारी. तुम्ही घेऊन जाता का?’’ कधी फोन असतो तो, ‘‘आमच्या शेजाऱ्यांची बदली झालीय, त्यांच्या कुत्र्याला घर हवंय’’ असा. गेली बारा-तेरा वर्षं मी पुण्यात हे काम करते आहे. माझी संस्था नाही, दारावर पाटी नाही. एका पिल्लापासून सुरुवात झाली आणि एकानं दुसऱ्याला सांगून नंबर पसरत गेला, इतकंच.

ज्यांना कुत्रा द्यायचा असतो, त्यांच्यापेक्षा ज्यांना हवा असतो त्यांच्याशी मी जास्त वेळ बोलते. त्यांना विचारायचा माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे. ‘‘रात्री तो कुठे झोपणार?’’ माणसं गोंधळतात. खाणं कुठलं, जात कुठली, चावतो का, असल्या प्रश्नांची त्यांनी तयारी केलेली असते. ‘‘झोपेल की कुठंही,’’ असं उत्तर येतं. ‘‘पार्किंगमध्ये वॉचमन असतोच,’’ असंही येतं. एक गृहस्थ तर हसत म्हणाले, ‘‘अहो, आमच्या मुलीचं स्थळ बघायला आलेल्यांनीसुद्धा इतक्या चौकशा केल्या नव्हत्या!’’

मी त्यांच्या हसण्यात हसले. पण हा प्रश्न मला कुणी शिकवला, ते मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. ते आज सांगते.

२०१४ सालच्या जुलै महिन्यात आमच्या गल्लीतल्या रद्दीच्या दुकानापाशी मला एक पिल्लू दिसलं. भुऱ्या रंगाचं, तीनेक महिन्यांचं, मागचा एक पाय उचलून चालणारं. कुठल्याशा दुचाकीचा धक्का बसला असावा. मी त्याला घरी आणलं. डॉक्टरांनी पायाला पट्टी बांधली, जंताचं औषध दिलं, लस टोचली. पाच आठवड्यांत भुऱ्या चारही पायांवर धावायला लागला. आमच्या घरात तेव्हा आधीच दोन कुत्री होती आणि सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं होतं. तिसरं ठेवणं शक्य नव्हतं. अशात ओळखीतून एक शेतकरी कुटुंब मिळालं. नारायणगावच्या बाजूला त्यांची सहा एकर बागायत, विहीर, ऊस, गोठ्यात तीन गाई. ‘‘मोकळा हिंडंल ताई, दुधाला तोटा नाही,’’ असं ते म्हणाले. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. फ्लॅटमधल्या दोन खोल्यांपेक्षा सहा एकर केव्हाही चांगले! मी भुऱ्याला नवा गळपट्टा घातला, दादांच्या स्वाधीन केलं आणि ‘सुटलं बाई एकदाचं’ म्हणून निश्चिंत झाले.

अडीच महिन्यांनी, दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला म्हणून मी फोन केला. शेवटी सहज विचारलं, ‘‘भुऱ्या कसाय?’’ पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. मग दादा म्हणाले, ‘‘त्याला नेला ताई बिबट्यानं. झाले की पंधरा दिवस.’’

तो रात्री गोठ्याबाहेर साखळीनं बांधलेला असायचा. शेजाऱ्याच्या रानात जाऊ नये आणि कुणी आलं-गेलं तर भुंकावं म्हणून. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या कुत्रा असाच बांधतात. दादांनी त्याला पोटभर खायला घातलं होतं, त्यांच्या मुलांनी त्याला जीव लावला होता. त्यांना दोष देऊन मला मोकळं होता येईना. जुन्नर तालुक्यातल्या उसात बिबटे राहतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या मला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला. त्यात बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. म्हणजे ज्या प्रदेशात कुत्रा हेच बिबट्याचं मुख्य जेवण, तिथे मी एक पाच महिन्यांचं पिल्लू पाठवलं आणि ते रात्री कुठे झोपणार हे विचारलंसुद्धा नाही. मोकळा असता तर निदान पळाला तरी असता. साखळीनं तेवढीही सोय ठेवली नाही.

त्या फोननंतर कितीतरी दिवस मी या कामाला हात लावला नाही. पुन्हा सुरुवात केली ती एक गोष्ट मनाशी पक्की करून. कुत्र्याला रस्त्यावरून उचलणं हा या कामाचा सगळ्यांत सोपा भाग आहे. त्यात आपल्याला बरं वाटतं, चार माणसं कौतुक करतात. खरी जबाबदारी त्याला दुसऱ्याच्या हातात देताना सुरू होते आणि दिल्यानंतरही बराच काळ संपत नाही.

संत नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्यानं कोरडी पोळी पळवली, तर ती त्याला कोरडी खावी लागू नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. ती दया आपल्या मनात रुजलेली आहे आणि ती राहिलीच पाहिजे. पण आपण जेव्हा त्या कुत्र्याला उचलून घरी आणतो, तेव्हा वाटीभर तुपावर भागत नाही. कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो. आपल्या घरातलं आज पहिलीत असलेलं मूल कॉलेजात जाईपर्यंतचा हा काळ आहे.

पहिली चूक होते ती उचलतानाच. पिल्लं एकटी दिसली म्हणजे ती अनाथ असतातच असं नाही. आई बहुधा खाणं शोधायला गेलेली असते. लांब उभं राहून काही तास पाहावं, ती परत येते. धडधाकट पिल्लांना आईपासून आठ आठवडे पुरे होण्याआधी तोडू नये. आईच्या दुधातून रोगप्रतिकारशक्ती मिळते, आणि चावा किती जोरात घ्यायचा, कुठे थांबायचं हेसुद्धा पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. अशा वेळी पिल्लांना घरी नेण्यापेक्षा आईला खायला घालावं, कोरड्या जागी पोतं अंथरावं आणि पुढे तिच्या नसबंदीची सोय करावी. आई खरोखरच नसेल, पिल्लू जखमी असेल, तर मात्र उचलावं. तेव्हाही मायेपोटी गाईचं दूध वाटीभर पाजू नये, पिल्लांना त्यानं हगवण लागते. न्हाऊ-माखू घालू नये, आधी ऊब द्यावी आणि डॉक्टरांकडे न्यावं.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. भुऱ्यानंतर दोन वर्षांनी आणलेलं एक पिल्लू पहिल्या दिवसापासून घरातल्या दुसऱ्या पिल्लाबरोबर एकाच गोधडीवर झोपवलं. चौथ्या दिवशी नव्याला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. पार्वो! आठवडाभर सलाइन देऊन नवं वाचलं, पण त्याच्याकडून लागण झालेलं जुनं गेलं. या रोगाचा विषाणू फरशीवर, अंथरुणात, बुटांच्या तळव्यांना महिनोन्‌महिने जिवंत राहतो. साध्या साबणानं जात नाही, ब्लीचच्या पाण्यानं पुसावं लागतं. म्हणून नव्या पाहुण्याला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवायचं. वेगळी खोली नसेल, तर आपण त्याला आणू नये, दुसरं कुणी शोधावं. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस आणि मग दरवर्षी. सहाव्या महिन्याच्या आसपास नसबंदी. हे वेळापत्रक नव्या घराला तोंडी सांगून भागत नाही. मी ते कागदावर लिहून देते आणि तारखा जवळ आल्या की स्वतः फोन करते.

आता घर निवडण्याविषयी. मे महिन्यात मागणी फार असते. मुलांना सुट्टी असते, ती हट्ट धरतात. जूनमध्ये शाळा सुरू होते आणि जुलैत फोन येतो, ‘‘ताई, मुलांना वेळ होत नाही हो.’’ त्यामुळे वाढदिवसाची भेट म्हणून कुणाला पिल्लू देत नाही. घरातल्या सगळ्यांशी बोलते, विशेषतः घरात जी व्यक्ती दिवसभर असते तिच्याशी. बहुतेक घरांत ती आजी असते किंवा आई. हौस मुलाची, शी-शू काढणं आईचं, असा मामला बऱ्याच घरांत असतो आणि आईला कुणी विचारलेलंच नसतं. आईच्या तोंडावरची नाराजी वाचता आली, की पुढचं दुःख टळतं.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाचं म्हणणं विचारते. सोसायटीला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ सालचं परिपत्रक आहे. पण परिपत्रक हातात घेऊन रोज लिफ्टमध्ये भांडायची कुटुंबाची तयारी आहे का, हे आधी पाहावं लागतं. गावाला गेलात तर कुत्र्याला कोण सांभाळेल? बदली झाली तर? घरात बाळ आलं तर? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘‘तेव्हाचं तेव्हा बघू’’ असं आलं, तर मी आणखी आठवडाभर थांबते. ज्यांना खरोखर हवं असतं, ते आठवड्यानं पुन्हा फोन करतात.

आणि नकार देणाऱ्यांना मी कधी कमी लेखत नाही. ‘‘आम्हाला आवडतं, पण झेपणार नाही,’’ असं म्हणणारा माणूस उत्साहाच्या भरात घेऊन जाणाऱ्यापेक्षा कुत्र्याचं जास्त भलं करतो.

जातिवंत कुत्र्यांचं दुःख आणखी निराळं. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग देशभर गाजला आणि घरोघरी पग आले. त्या चपट्या नाकाला श्वासाचा त्रास असतो, उन्हाळ्यात तो धापा टाकतो, हे जाहिरातीत कुठून दिसणार? अलीकडे सैबेरियाच्या बर्फातल्या हस्कीची हौस आली आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात त्याचं काय होत असेल, याची कल्पना करा. मग एके दिवशी असा कुत्रा गाडीत घालून हायवेवर सोडून दिला जातो. रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्याला रस्ता माहीत असतो, या बिचाऱ्याला गाडीचा हॉर्नसुद्धा ओळखू येत नाही. प्राण्याला उपाशी-तहानेला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलेला आहे दहा ते पन्नास रुपये! आज पन्नास रुपयांत धड दोन वडापाव आणि चहा होत नाही. म्हणून कायद्याच्या भरवशावर न राहता मी प्रत्येक घराकडून एक शब्द घेते. नको झाला तर सोडून देऊ नका, मला परत द्या. मध्यरात्रीही द्या. मी एक अक्षर विचारणार नाही.

हा शब्द पाळणं जड जातं. परत आलेल्या कुत्र्याला पाहून संताप येतो. पण आपण एकदा जरी तोंड वाकडं केलं, तरी पुढचा माणूस आपल्याकडे येणार नाही, हायवेवर जाईल.

एक खबरदारी देणाऱ्यानंच घ्यायची असते, आणि ती म्हणजे खरं बोलण्याची. कुत्र्याला घर मिळावं म्हणून त्याचे दोष लपवण्याचा मोह फार होतो. खाताना जवळ गेलं की गुरगुरणारी एक कुत्री एका कार्यकर्त्यानं ‘‘अगदी गरीब गाय’’ म्हणून चार वर्षांची मुलगी असलेल्या घरात दिलेली मी पाहिली आहे. तिसऱ्या दिवशी मुलीच्या हाताला सहा टाके पडले. त्या कुत्रीला मुलं नसलेलं घर चाललं असतं, पण त्यानंतर ती कुठल्याच घरात जाऊ शकली नाही. खोटं बोलून आपण दोन जीव अडचणीत घालतो. चावा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, पण वेळेवर पूर्ण उपचार घेतले तर तो टाळता येतो. हे काम करणाऱ्यांनी तर प्रतिबंधक लस आधीच टोचून घ्यायला हवी.

‘‘मग रस्त्यावरच्या सगळ्याच कुत्र्यांना घरं का देत नाही?’’ असं मला विचारतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून आपल्याकडे भांडणं जुनी आहेत. १८३२ साली मुंबईत इंग्रजांनी मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली. २००१ साली केंद्र सरकारचे श्वान जन्मनियंत्रणाचे नियम आले, २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ओळख म्हणून कानाला छोटी खाच करायची आणि जिथून आणलं तिथेच सोडायचं, हे या नियमांचं सूत्र. रस्त्यावर वाढलेला प्रौढ कुत्रा चार भिंतींत रमेलच असं नाही. त्याच्यासाठी घर शोधण्यापेक्षा त्याची नसबंदी करून देणं हे जास्त मोठं काम आहे. दिल्ली परिसरातल्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ रोजी जो आदेश दिला, त्यात प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घेता येईल असं म्हटलं होतं. पण त्याच्याच पुढे, तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची, असंही बजावलं होतं. त्या वादात कुणाची बाजू काहीही असो, हे एक वाक्य आपल्या प्रत्येकाच्या दारावर लिहून ठेवावं असं मला वाटतं.

नव्या घराला मी तीनचा हिशेब सांगते. पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो, खात नाही, कोपऱ्यात बसतो. तीन आठवड्यांत त्याला घराची वेळ कळते. घर आपलं वाटायला तीन महिने लागतात. पहिल्या आठवड्यात दार उघडं राहिलं की तो पळतो आणि अनोळखी भागात त्याला परतीची वाट सापडत नाही. म्हणून पट्ट्यावर फोन नंबर आधी, गोडधोड नंतर. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मी कुणालाही कुत्रा देत नाही. फटाक्यांच्या आवाजानं जुनी कुत्रीसुद्धा सैरावैरा धावतात, नव्याची काय कथा!

शेवटची गोष्ट स्वतःविषयी. या कामात ‘नाही’ म्हणता येणं फार गरजेचं आहे. दोन खोल्यांत चौदा कुत्री ठेवणाऱ्या एका भल्या बाईंकडे मी गेले होते. दया अपार होती, पण निम्म्या कुत्र्यांना खरूज आणि बाईंच्या औषधाला पैसे नाहीत. त्यांनी कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. आमच्या घरात आता एका वेळी एकच पाहुणा असतो. तो चांगल्या घरी गेला, की दुसरा. फोनवर नाही म्हणताना अजूनही पोटात कालवतं. पण कोण मदत करू शकेल, डॉक्टर कुठले, नसबंदी कुठे होते, एवढं तरी सांगते.

भुऱ्या गेल्यानंतर दीड वर्षानं नारायणगावच्या दादांचा फोन आला. ‘‘ताई, पोरं मागं लागल्यात. एक कुत्रं द्याल का?’’ मी गप्प राहिले. तेच पुढे म्हणाले, ‘‘तुम्ही आधी येऊन बघा. मग ठरवा.’’

मी गेले. गोठ्याला आता चारी बाजूंनी लोखंडी जाळी होती, वरून पत्रा, आणि आतून कडी लागणारं दार. गाईंच्या शेजारी, भिंतीलगत एक फळी टाकली होती आणि तिच्यावर पोतं अंथरलेलं होतं. खुंटीला एक जुना गळपट्टा लटकत होता. तो मी ओळखला. दादांनाही ते कळलं असावं, पण आम्ही दोघंही त्याविषयी काही बोललो नाही.

तरी मी माझा प्रश्न विचारला. विचारायलाच हवा होता. ‘‘रात्री तो कुठे झोपणार, दादा?’’

त्यांनी नुसतं त्या पोत्याकडे बोट केलं. मग म्हणाले, ‘‘दिवस मावळला की आत. कडी मी सोता लावणार.’’

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे एक काळी कुत्री घेऊन गेले. नसबंदी झालेली, लसी टोचलेली. या वेळी अडीच महिने थांबले नाही. त्याच रात्री नऊ वाजता फोन केला. ‘‘झोपली,’’ दादा म्हणाले. ‘‘आत हाय.’’